वादळी पावसासाठी गाव तयार करायचं, तर सुरुवात शिवारापासून

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते कळेल. गाव मराठवाड्यातलं, वस्ती दोन-अडीच हजारांची. जोडीला एक तांडा आणि शिवारात विखुरलेले आखाडे, म्हणजे शेतातली राहती घरं. गेल्या मे महिन्यातल्या वादळात बऱ्याच घरांवरचे पत्रे उडाले. त्याच आठवड्यात शेतात वीज पडून एक मजूर बाई गेली, झाडाखाली बांधलेली बैलजोडी गेली. सध्या सगळ्यांच्या मोबाईलवर टोर्नेडोचे व्हिडिओ फिरताहेत आणि लोक विचारताहेत, हे आपल्याकडे आलं तर काय करायचं. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आहे. एक विक्रेता म्हणतोय वीजरोधक यंत्र घ्या, तरुण मंडळी म्हणताहेत सायरन घ्या. तुम्ही नव्याने सदस्य झाला आहात आणि पैसे कशावर घालावेत हे तुम्हाला ठरवायचं आहे.

लातूर, धाराशिव, बीड भागातल्या ग्रामपंचायतींबरोबर आपत्ती आराखडे करणं आणि लोकांना प्रशिक्षण देणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. यंत्र की सायरन, हे मला जवळजवळ प्रत्येक गावात विचारतात. पण खरा प्रश्न तुमच्याच मजकुरात आहे. ती बाई गावात नव्हती, शेतात होती. भर दुपारी, गावठाणापासून लांब. आभाळ भरून आलेलं तिला दिसतच असणार. आता काम टाका आणि निघा, असं ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं आणि शिरायला जवळ जागाही नसावी. ग्रामपंचायतीच्या छतावर काहीही बसवलेलं असतं तरी त्या दुपारी तिच्यासाठी फरक पडला नसता. म्हणून मी गावाला दोनच गोष्टी विचारतो. दुपारी तीन वाजता शिवाराच्या पार टोकाला असलेल्या माणसापर्यंत निरोप किती मिनिटांत पोहोचतो? आणि निरोप मिळाल्यावर दहा मिनिटांच्या चालीत त्याला शिरता येईल अशी पक्की जागा कुठे आहे? पैसे कुठे घालायचे ते या दोन उत्तरांवर ठरतं.

टोर्नेडोचं आधी संपवू, कारण ग्रामसभेचा निम्मा वेळ त्यातच जातो. भारतात टोर्नेडो होतात, हे खरं आहे. १७ मार्च १९७८ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून गेलेल्या टोर्नेडोत २८ माणसं गेली. ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये जलपाईगुडी-मयनागुडी भागात काही मिनिटांत घरंच्या घरं पडली. शेजारच्या बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसं मेली. जगातला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो म्हणून त्याचीच नोंद आहे. पण हा पट्टा मुख्यतः बंगाल, बांगलादेश आणि उत्तर भारताचा. बंगालच्या उपसागरावरची दमट हवा खालून आणि कोरडी, वेगवान हवा वरून, अशी गाठ तिथे उन्हाळ्याच्या तोंडाशी पडते. मराठवाड्यात टोर्नेडो होणारच नाही असं मी म्हणणार नाही, पण तो दुर्मीळ आहे.

तुमच्या गावचे पत्रे बहुधा दुसऱ्याच वाऱ्याने नेले. वळवाचा ढग पिकला की त्यातला पाऊस आणि गारा खाली येताना सोबत थंड हवेचा लोंढा आणतात. तो जमिनीवर आदळतो आणि चहूकडे पसरतो. पाच-दहा मिनिटं असा वारा सुटतो की माणसाला उभं राहता येत नाही. त्या दिवसाचे फोटो असतील तर झाडं कशी पडली आहेत ते बघा. सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेरच्या बाजूला पडलेली असतील तर तो वरून कोसळलेला वारा. अरुंद पट्ट्यात, एकमेकांकडे तोंड करून वेडीवाकडी पडलेली असतील तर टोर्नेडोची शंका घ्यायला जागा आहे. आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात धूळ, पालापाचोळा उचलत फिरणारी वावटळ या दोन्हींपेक्षा वेगळी, तिला वर ढग लागत नाही. गावाच्या दृष्टीने यात दिलाशाची गोष्ट अशी की टोर्नेडोसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही. कोसळणाऱ्या वाऱ्यापासून वाचवणारी स्लॅबची खोली टोर्नेडोतही आपल्याला मिळू शकणारी सर्वांत बरी जागा असते. फरक एवढाच की तेव्हा खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीच्या बुडाशी डोकं हातांनी झाकून खाली बसायचं. आणि जवळ पक्कं काहीच नसेल तर गाडीत किंवा पत्र्याखाली थांबण्यापेक्षा झाडं आणि तारा नसलेल्या खोलगट जागेत पालथं पडायचं.

आता विजेकडे येतो, कारण आपल्या भागात माणसं सर्वांत जास्त तिच्यामुळे जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. निसर्गाच्या कोपाने झालेल्या एकूण मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून जास्त. पूर आणि चक्रीवादळाची बातमी दिवसेंदिवस चालते. वीज एका शिवारात एक माणूस नेते, म्हणून तिची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची असते.

लोकांना वाटतं वीज माणसाच्या डोक्यावर पडते. तसं फार थोड्यांच्या बाबतीत होतं. वीज झाडावर पडते आणि खोडावरून उडी मारून खाली उभ्या असलेल्या माणसात शिरते. किंवा जमिनीत शिरून चहूकडे पसरते. सर्वांत जास्त बळी या जमिनीतल्या प्रवाहाचेच असतात. दोन पायांत जितकं अंतर जास्त, तितका जास्त प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं आणि काळीज त्याच वाटेत. म्हणून एका झाडाखालची शंभर मेंढरं एकदम आडवी होतात आणि बाजूला उभा असलेला मेंढपाळ कधी कधी वाचतो. हे समजावून सांगितलं की लोकांना झाडाखाली का थांबायचं नाही ते आपोआप कळतं, पाठांतर करावं लागत नाही. सात-आठ बायका एकमेकींना चिकटून का बसू नयेत हेही कळतं.

आता यंत्राचं. मी वीजरोधकाच्या विरोधात नाही. शाळा, पाण्याची टाकी, समाजमंदिर, मोबाईलचा टॉवर यांना तो हवाच. छतावरचा दांडा, तिथून खाली आणलेली पट्टी आणि चांगलं अर्थिंग, एवढी ती साधी व्यवस्था. पण ती ज्या इमारतीवर बसवली त्या इमारतीला वाचवते. साध्या दांड्याचा हिशेब ढोबळमानाने असा धरा, की जेवढी त्याची उंची साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत त्याची राखण. विक्रेते जे महागडं यंत्र दाखवतात त्याच्या पत्रकावर शंभर-सव्वाशे मीटर त्रिज्या लिहिलेली असते. त्या दाव्याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये मोठे मतभेद आहेत आणि आपल्याकडे स्वीकारलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक असं वाढीव संरक्षण धरत नाही. तरी वादापुरतं शंभर मीटर खरं मानू. शंभर मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे पावणेआठ एकर. तुमचं शिवार किती एकरांचं आहे ते तलाठ्यांकडून घ्या आणि भागाकार करून बघा. यंत्र बसवलं म्हणजे गाव सुरक्षित झालं, अशी समजूत पसरली की माणसं उलट निर्धास्त होऊन शेतात थांबतात. मला यंत्राच्या किमतीपेक्षा याची काळजी जास्त वाटते.

जिथे बसवाल तिथे अर्थिंगवर लक्ष ठेवा. आपली काळी जमीन एप्रिल-मे मध्ये वाळून तिला हात हात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा नेमका वळवाच्या तोंडावर कोरडा ठणठणीत असतो. दहा ओहमच्या आत रोध असावा असं मानक सांगतं. पावसाळ्यात मोजला तर तो आत येतो आणि मे मध्ये मोजला तर कुठल्या कुठे जातो. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करायची आणि ठेकेदाराचं बिल त्यानंतर काढायचं. तांब्याची पट्टी खालून चोरीला जाते. शाळेच्या भिंतीवर वरची चार हात पट्टी शिल्लक आणि खाली काहीच नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे. अशी तुटलेली पट्टी धोक्याची, कारण वर उतरलेली वीज मग भिंतीतून, वायरिंगमधून वाट काढते. जस्त चढवलेली लोखंडी पट्टी स्वस्त पडते आणि तिला चोर लागत नाहीत.

निरोपाच्या बाबतीत आज परिस्थिती पूर्वीपेक्षा कितीतरी बरी आहे. हवामान विभाग रोज जिल्हावार पुढच्या काही दिवसांचा इशारा देतो, पिवळा, नारंगी, लाल. आणि ढग तयार झाले की पुढच्या तीन तासांपुरता तातडीचा इशारा निघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर सांगतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ आहे, त्यावर इशारे मराठीतही येतात. हे सगळं मोफत आहे. अडचण अशी की ॲप घेतलेल्या दहापैकी बऱ्याच फोनवर लोकेशन बंद असतं किंवा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने ॲप झोपवलेलं असतं. प्रशिक्षणात मी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन हे तपासतो, त्यात तास जातो आणि तो तास सत्कारणी लागतो.

पण शिवारात रेंज नसते, मजूर बायांकडे साधे फोन असतात, मेंढपाळाचा फोन बंद असतो. म्हणून ॲप हे निरोपाचं पहिलं टोक समजा, शेवटचं नव्हे. गावात तीन-चार माणसं अशी ठरवा की त्यांनी मार्च ते जून आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात, रोज सकाळी इशारा बघायचा आणि दुपारी आभाळावर आणि ‘दामिनी’वर नजर ठेवायची. एक माणूस ठेवू नका. तो नेमका त्या दिवशी तालुक्याला गेलेला असतो. किराणा दुकानदार, आशाताई, पिठाच्या गिरणीवाला अशी दिवसभर गावातच असणारी माणसं मला सर्वांत उपयोगी वाटतात. त्यांनी पोलीस पाटलांना कळवायचं आणि मग दोन वाटांनी निरोप सुटायचा. एक, मंदिर आणि मशिदीच्या भोंग्यावरून. दोन, फोनच्या साखळीने, प्रत्येक दिशेच्या रस्त्याला एक जण, त्याने आपल्या रस्त्यावरच्या आखाड्यांना आणि मजुरांच्या टोळीच्या मुकादमाला कळवायचं. तुमच्या तालुक्यात ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ सुरू असेल तर एका टोल फ्री नंबरवर बोललेला निरोप नोंदणी केलेल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. चोरी-दरोड्यासाठी लोक तो वापरतात, विजेसाठीही वापरायला हवा.

भोंग्याचा आवाज कुठपर्यंत जातो हे वाऱ्यावर अवलंबून असतं, आणि वादळाआधी वीज जाते हेही ठरलेलं. त्यामुळे सायरन घ्यायचाच असेल तर बॅटरीवर चालणारा घ्या आणि गावाच्या मध्यभागी न लावता वाऱ्याच्या दिशेचा विचार करून शिवाराच्या उंचवट्यावर लावा. घेण्याआधी तात्पुरता भोंगा ट्रॅक्टरवर नेऊन वाजवून बघा आणि शेवटच्या आखाड्यावर माणूस उभा करून ऐकू येतं का विचारा. तुमच्याकडे तांडा वेगळा आहे, तर त्याचा भोंगा आणि त्याची निरोप सांगणारी माणसंही वेगळी हवीत. गावातून तांड्याला कळेल, या भरवशावर राहिलेले आराखडे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यात तांड्यापर्यंत निरोप पोहोचत नाही.

आणि यातलं काहीही पोहोचलं नाही तरी चालेल असा एक नियम प्रत्येकाला पाठ हवा. गडगडाट ऐकू आला की आपण टप्प्यात आलो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचं अंतर असेल तर वीज एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्या बांधावर पडू शकते, पाऊस सुरू झालेला नसला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. हा अर्धा तास लोकांना सर्वांत जड जातो. पाऊस थांबला, ऊन पडलं, आता कशाला थांबायचं, असं म्हणून निघतात आणि मागे राहिलेल्या ढगातली वीज गाठते.

जायचं कुठे, हा भाग गावागणिक बदलतो, म्हणून तो तुम्हालाच करावा लागेल. शिवाराचा नकाशा जमिनीवर काढा. मी हे नेहमी महिला बचत गटासोबत करतो, कारण कुठल्या बांधावर कोण कोण खुरपायला असतं ते बायकांना नेमकं माहीत असतं. रांगोळीने रस्ते, ओढा, विहिरी, आखाडे काढायचे आणि स्लॅबची प्रत्येक इमारत दगड ठेवून दाखवायची. वस्तीशाळा, अंगणवाडी, एखाद्याचं शेतातलं स्लॅबचं घर. मग प्रत्येक दगडाभोवती दहा मिनिटांच्या चालीचं वर्तुळ काढायचं. जे शिवार कुठल्याच वर्तुळात येत नाही ते तुमच्या गावचं धोक्याचं क्षेत्र. निधी तिथे घाला. तिथे चार भिंतींची स्लॅबची एक खोली, वीजरोधकासकट, हे मला छतावरच्या महागड्या यंत्रापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. खाजगी घर असेल तर मालकाशी आधी बोलून ठेवा आणि ग्रामसभेत त्याचं नाव घेऊन आभार माना. मग ऐन वेळी मजूर बाईला त्या दारात जायला संकोच वाटत नाही. जातीपातीमुळे पाऊल अडत असेल तर ते आधीच, उघडपणे बोलून घ्या. वादळात त्याला वेळ नसतो.

बंद काचांची जीप, कार, एसटी चालते. आतल्या धातूला हात लावू नका म्हणजे झालं. हूड नसलेला ट्रॅक्टर, मोटारसायकल, बैलगाडी चालत नाही. उघडी पत्र्याची शेड, विहिरीवरची मोटारीची खोली, ऊसतोडीची कोपी यांत पावसापासून आडोसा मिळतो, विजेपासून नाही. मोटारीच्या खोलीत तर तारेवरून येणारी वीज थेट स्टार्टरवर असते. जवळ काहीच नसेल तर झाड, खांब, तारेचं कुंपण सोडून सखल भागाने पक्क्या जागेकडे चालत राहायचं, एकमेकांत अंतर ठेवून. पाय जुळवून उकिडवं बसणं हा अगदीच नाइलाजाचा उपाय, त्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही. विजेच्या वेळी आडवं मात्र पडू नका. मघाशी सांगितलेलं पालथं पडणं प्रत्यक्ष टोर्नेडो अंगावर आला तरच. आणि मोबाईल वीज खेचतो म्हणून फोन बंद करून ठेवणाऱ्यांना समजवा. मोबाईल वीज खेचत नाही. चार्जरला लावलेला फोन मात्र वापरू नये.

इतकं सगळं सांगूनही माणसं का निघत नाहीत, यावर मी बराच विचार केला आहे. लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. सोयाबीन काढून गंजी लावलेली असते. ती भिजली तर वर्षाचा पैसा गेला. आभाळ आलं की नवरा-बायको ताडपत्री घेऊन गंजीकडे धावतात, माळरानावरच्या सर्वांत उंच ढिगाकडे, आणि तिथेच वीज गाठते. किंवा झाडाखाली बांधलेली बैलं सोडायला कुणी तरी परत जातं. त्याला जीव वाचवा, बैल सोडा असं म्हणून चालत नाही. बैल गेला तर त्याचं घर मोडतं. म्हणून काम आधी हलवावं लागतं. सकाळी पिवळा इशारा दिसला की दुपारी एकच्या आत गंजी झाकायची, कडेला दोरी-दगड लावायचे, आणि त्या दिवशी जनावरं झाडाखाली बांधायचीच नाहीत, गोठ्यात ठेवायची. मजुरांच्या बाबतीत शेतमालकांची बैठक घ्या आणि वादळामुळे काम सुटलं तर त्या दिवसाची मजुरी कापायची नाही, असा ठराव करा. मजुरी कापली जाणार असेल तर बाई खुरपं खाली ठेवणार नाही. माझ्या अनुभवात ज्या गावांनी हा ठराव केला आणि पाळला, तिथे निरोप आला की शिवार खरंच रिकामं होतं.

पत्र्यांचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे तेच जास्त झालं. १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या भागात माळवदाची, म्हणजे मातीच्या जड छताची, धास्ती बसली, पत्र्याची घरं वाढली आणि वारा हा नवा शत्रू झाला. वारा छतावरून जाताना पत्रा वर ओढतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीच्या छतावर चारशे किलोच्या घरात उचल बसू शकते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. अशा छतावर आपण पाच-सहा दगड ठेवून निश्चिंत होतो. ते दगड पत्रा धरून ठेवत नाहीत, पत्र्याबरोबर उडतात आणि खाली झोपलेल्याच्या अंगावर येतात. छतावरचे दगड काढून टाका, हे मी प्रत्येक गावात पहिल्या दिवशी सांगतो. त्यांच्या जागी पत्रा अँगलला जे-हूक आणि वॉशरने आवळायचा, कडेच्या ओळीत हूक जवळजवळ घ्यायचे, कारण पत्रा कडेने सुटायला लागतो. अँगल भिंतीत नुसता ठेवलेला असतो, तो लोखंडी पट्टीने भिंतीत चार-पाच थर खालपर्यंत बांधून घ्यायचा. नाही तर पत्रे आणि अँगल एकत्रच जातात. आणि एक गोष्ट घराघरांत जाऊन सांगा. पत्र्याच्या अँगलला तान्ह्या बाळाची झोळी बांधलेली असते. वारा सुटायच्या आत बाळ झोळीतून काढून जवळ घ्यायचं, आणि शक्यतो झोळी लाकडी किंवा लोखंडी घोडीला बांधायची.

पत्र्याच्या शेडजवळ मोठं झाड असेल तर तिथे गर्दी जमू देऊ नका. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यात पारस इथे मंदिरासमोरच्या पत्र्याच्या शेडवर वादळात जुना कडुलिंब कोसळला आणि सात भाविक गेले. पाऊस आला म्हणून लोक त्या शेडखाली थांबले होते. यात्रा, सप्ता, लग्नाचे मांडव सगळे ऐन वळवाच्या दिवसांत असतात. मांडव घालणाऱ्याला आणि सप्त्याच्या आयोजकांना आधीच विचारा की वारा सुटला तर ही माणसं कुठे जाणार. शाळेची किल्ली त्या दिवसांत कुणाकडे असते हेही विचारा. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक शहरात, ही नेहमीची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक किल्ली गावातच हवी. जुनी झाडं सरसकट तोडू नका, वाळक्या फांद्या फेब्रुवारीत उतरवा. तारांवर आलेल्या फांद्यांसाठी महावितरणला अर्ज द्या. वादळानंतर तार तुटून पडलेली दिसली तर तिच्याजवळ माणूस आणि जनावर जाऊ न देता १९१२ वर आणि वायरमनला फोन करायचा. वीज गेलेली आहे म्हणून तार मेलेली आहे, असं धरायचं नाही.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसेल, ही समजूत अजून घट्ट आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्यात जी मिनिटं जातात तीच त्याच्या जगण्याची असतात. त्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असतो, आणि लगेच छाती दाबायला घेतलं तर पुष्कळदा माणूस परत येतो. छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, १०८ ची गाडी येईपर्यंत न थांबता, आलटून पालटून. अनेक जण एकदम पडले असतील तर जो कण्हतोय त्याच्याकडे नंतर जा, जो निपचित आहे त्याच्याकडे आधी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने गावातल्या निदान वीस-पंचवीस जणांकडून उशीवर नव्हे, बाहुल्यावर सराव करून घ्या आणि त्यात आखाड्यांवर राहणारे हवेत.

हे सगळं एका वर्षात होणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर यंदा निरोपाची माणसं, दगड काढणं, नकाशा आणि छाती दाबण्याचं प्रशिक्षण एवढंच घेतलं असतं, कारण त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. खोली आणि सायरनचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवा. १ मेच्या सभेत ठेवलात तर हंगाम निम्मा संपलेला असतो. फेब्रुवारीत एखाद्या दिवशी दुपारी तीनला, आधी न सांगता, निरोप सोडून बघा आणि शेवटच्या आखाड्यावरून किती मिनिटांनी फोन परत आला ते ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा. पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर सायरनला पैसे घाला. पंधराच्या आत आलं तर खोली आधी बांधा.

मदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या बाईच्या घरच्यांसाठी लिहितो. आपल्या राज्यात वीज पडून मृत्यू झाला तर वारसांना चार लाख रुपये मिळतात. त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखात लोक तसेच अंत्यसंस्कार उरकतात आणि मग प्रकरण अडतं, म्हणून पोलीस पाटलांनी पहिल्या तासातच घरच्यांना हळुवारपणे हे सांगून तलाठ्यांना आणि पोलिसांना कळवावं. बैलांचंही तसंच. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी होईपर्यंत जनावर पुरायचं नाही, कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढून ठेवायचा. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत ओढकामाच्या बैलाला ३२,००० रुपये धरलेले आहेत. तुमच्या गावच्या त्या दोन्ही प्रकरणांत कागद कुठे अडले असतील तर तहसीलच्या नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर अर्जाची पोच घेऊन विचारणा करा. अर्जात काय लिहायचं ते हवं असेल तर कळवा, मसुदा करून देतो.